देह कोणाचा? खेळाडू, वैद्य आणि कवच



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो. मराठी, कन्नड आणि उर्दू या तीन भाषा जिथे एकाच बाजारपेठेत सुखाने नांदतात आणि माणिकनगरच्या श्रीमाणिकप्रभूंच्या सकलमताची शिकवण जिथे हाकेच्या अंतरावर आहे, अशा हुमनाबादेत एखादे मराठी विद्यालय व्याख्यानाची परंपरा जपते आणि ते व्याख्यान पुस्तिकारूपाने प्रसिद्ध करते, ही गोष्ट मला मोलाची वाटते. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अशा प्रसंगी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीच्या स्थितीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे. व्यावसायिक खेळाडूचा स्वतःच्या देहावर हक्क किती? दुखापत झाल्यावर उपचार कोणते घ्यायचे, मैदानात उतरायचे की थांबायचे आणि अंगावर कोणते कवच चढवायचे, हे कोणी ठरवायचे?

हा विषय मी निवडला त्याला दोन कारणे आहेत. या सभागृहातील निम्म्याहून अधिक श्रोते विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांचे मन या क्षणीही बाहेरच्या मैदानावर असणार, हे पहिले कारण. दुसरे कारण माझ्या अध्यापनविषयाशी निगडित आहे. खेळाचे वर्णन करताना आपली मराठी जी शब्दसंपत्ती वापरते, ती जवळजवळ सगळी रणभूमीवरून आलेली आहे. फलंदाज झुंज देतो, संघ गड राखतो, गोलंदाज तोफ डागतो, जखमी खेळाडू किल्ला लढवतो. पोवाड्यांवर वाढलेल्या समाजाला हे शब्द सहज सुचतात आणि गोडही लागतात. परंतु शब्द एकटा येत नाही. तो आपल्याबरोबर आपले नीतिशास्त्र घेऊन येतो. रणांगणावर सैनिकाला माघार नाही. खेळाला रण म्हटले की खेळाडूलाही माघार उरत नाही आणि दुखापतीची तक्रार करणारा भित्रा ठरतो. वेदना विसरून खेळला, हे वाक्य आपण कौतुकाने लिहितो. ती वेदना कोणी विसरायला लावली, आणि ती विसरण्याची किंमत पुढे कोणी चुकती केली, हे लिहिण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही.

थोडे मागे जाऊ. मार्च १९६२ मध्ये भारतीय क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोस संघाविरुद्धच्या सामन्यात कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू बसला आणि कवटीला भंग झाला. तातडीने शस्त्रक्रिया झाल्या. रक्त देण्यासाठी पुढे आलेल्यांत प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसेच आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर हेही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे प्रथम श्रेणीचे क्रिकेटही ते खेळले. कसोटी सामना मात्र त्यांना पुन्हा खेळावयास मिळाला नाही. त्यांच्या जागी कर्णधारपद आले ते एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे, आणि त्यांची एका डोळ्याची दृष्टी आदल्याच वर्षी एका मोटार अपघातात अधू झाली होती. एकाला परत यायचे होते, पण ते जमले नाही. दुसऱ्याचा डोळा अधू असूनही तो वर्षानुवर्षे खेळला. या दोन्ही निर्णयांमागे वैद्यकीय मत किती, निवडीचा अंदाज किती आणि खेळाडूचे स्वतःचे म्हणणे किती, हे ठरविणारा कोणताही लिखित नियम त्या काळी नव्हता. मला महत्त्वाचे वाटते ते हेच.

त्यानंतर एक तप गेले. या काळातील एक नाव प्रत्येक मराठी क्रिकेटप्रेमीच्या ओठांवर असते, ते म्हणजे एकनाथ सोलकर. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. फलंदाजापासून चार हातांवर, फॉरवर्ड शॉर्ट लेगच्या जागी, डोक्यावर साधी टोपी घालून किंवा बोडक्याने तो उभा राहत असे. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांच्या फिरकीला जे यश मिळाले, त्यातला मोठा वाटा या माणसाच्या हातांचा होता. सत्तावीस कसोटी सामन्यांत त्रेपन्न झेल हा त्याचा हिशेब आहे. २००५ साली सोलकर गेले, तेव्हा त्यांच्या धैर्याविषयी सर्वांनी लिहिले आणि ते योग्यच होते. त्या जागेसाठी डोके झाकणारे साधन त्या काळी उपलब्धच नव्हते, म्हणून त्यांनी ते नाकारले असे म्हणता येत नाही. निवड करायला दोन पर्याय तरी हवेत. एकच पर्याय असेल तर त्याला आपण धैर्य म्हणू शकतो, संमती म्हणता येत नाही.

आता १९७६ सालच्या किंग्स्टन कसोटीकडे वळतो. मी नुकताच अध्यापनाच्या क्षेत्रात आलो होतो आणि त्या सामन्याची चर्चा कित्येक दिवस चालली होती. पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने चौथ्या डावात चारशेहून अधिक धावांचा पाठलाग यशस्वी करून जगाला थक्क केले होते. त्यानंतरच्या जमैकातील सामन्यात वेस्ट इंडीजने वेगवान गोलंदाजांचा ताफा उभा केला. खेळपट्टी असमान उसळीची होती आणि मायकेल होल्डिंग यांचा वेग भयावह होता. बडोद्याच्या मराठी घराण्यातले अंशुमन गायकवाड तासन्‌तास उभे राहिले, अंगावर चेंडू झेलत राहिले आणि एक्याऐंशी धावांवर असताना डाव्या कानावर चेंडू बसून मैदानाबाहेर गेले. त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. पुढे कानावर शस्त्रक्रियाही करावी लागली. आपल्या कर्नाटकाचे गुंडाप्पा विश्वनाथ यांचे बोट मोडले. कर्नाटकाचेच ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर चेंडू बसून टाके घालावे लागले.

भारताचा पहिला डाव सहा बाद ३०६ वर असताना कर्णधार बिशनसिंग बेदी यांनी तो घोषित केला, कारण स्वतःला आणि चंद्रशेखर यांना त्या माऱ्यापुढे उभे करण्यात त्यांना अर्थ दिसला नाही. पुढे क्षेत्ररक्षण करताना त्या दोघांच्याही हातांना इजा झाली. दुसरा डाव ९७ धावांवर संपला. बाद झाले होते पाचच जण. उरलेले पाच धावफलकावर जायबंदी म्हणून गैरहजर नोंदले गेले. वेस्ट इंडीजला विजयासाठी अवघ्या तेरा धावा पुरल्या. सुनील गावसकर यांनी 'सनी डेज' या आत्मकथनात या सामन्याविषयी अतिशय कडक शब्दांत लिहिले आहे. त्या वेळी चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत वाद रंगला तो एकाच मुद्द्यावर: बेदींनी केले ते शहाणपण की पळपुटेपणा? मला आज वाटते की त्या प्रश्नाची मांडणीच सदोष होती. धोका ओळखून सहकाऱ्यांची शरीरे वाचविण्याचा निर्णय घेण्यासाठी त्या दिवशी बेदींजवळ डाव घोषित करण्याखेरीज दुसरे कोणतेही साधन नव्हते. सामना थांबवू शकेल असा वैद्य नव्हता, जखमी फलंदाजाच्या जागी दुसरा पाठविण्याची सोय नव्हती, डोक्यासाठी कवच नव्हते आणि ज्याच्याकडे तक्रार न्यावी अशी खेळाडूंची संघटनाही नव्हती. कर्णधाराच्या एका निर्णयावर अकरा देहांचे भवितव्य टांगलेले होते.

त्यानंतर कवच आले, पण सावकाश. मार्च १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यॅलप हेल्मेट घालून कसोटी खेळणारे पहिले फलंदाज ठरले, आणि तेही ब्रिजटाउन येथे, म्हणजे ज्या गावी सोळा वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टर कोसळले होते त्याच गावी. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली. गावसकरांनी कारकिर्दीच्या उत्तरार्धात टोपीखाली बसणारे एक लहान कवच स्वीकारले. पूर्ण हेल्मेट त्यांनी कधीच घातले नाही. १९९१ मध्ये एका षटकात एका फलंदाजाला किती उसळते चेंडू टाकावेत यावर मर्यादा आली. तरीही कवच ही ज्याच्या त्याच्या मर्जीची बाब मानली जात होती आणि त्या मर्जीने काय घडते हे फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला दिसले. रमण लांबा एका क्लब सामन्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहिले. षटकातले मोजके चेंडू उरले आहेत, एवढ्यासाठी हेल्मेट कशाला, असे म्हणून त्यांनी ते घेतले नाही. चेंडू कपाळावर लागला आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

या ठिकाणी मला महाभारतातील कर्ण आठवतो. कवचकुंडले मागायला इंद्र ब्राह्मणवेषाने येणार आहे, हे सूर्याने कर्णाला आधीच स्वप्नात येऊन सांगितले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याला धोक्याची संपूर्ण कल्पना दिली गेली होती. तरीही दातृत्वाच्या कीर्तीसाठी कर्णाने अंगचे कवच कापून दिले. त्याच्या दातृत्वाचे गुणगान आपण हजारो वर्षे करत आलो. परंतु ज्या समाजात दानशूर म्हणून नाव टिकवायचे असेल तर मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, त्या समाजातला होकार कितपत मोकळा मानावा? खेळाडूचेही असेच आहे. शेजारचा हेल्मेटशिवाय उभा आहे, प्रेक्षक बघत आहेत, जागा जाण्याची भीती आहे. अशा वेळी कवच नको म्हणणारा स्वखुशीने बोलतो आहे, असे मानणे सोयीचे असते, खरे असतेच असे नाही.

म्हणून कवचाची सक्ती ही खेळाडूच्या हक्काविरुद्ध आहे, हे मत मला मान्य नाही. ही सक्ती त्याला दबावातून सोडविते. सर्वांनीच घालायचे ठरले की कोणालाही भित्रे ठरावे लागत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूज यांना हेल्मेट असूनही मानेवर चेंडू लागला आणि दोन दिवसांनी ते गेले. त्या दुर्घटनेनंतर हेल्मेटच्या दर्जाचा आणि मानेच्या संरक्षणाचा विचार नव्याने सुरू झाला. जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने वेगवान गोलंदाजी खेळणारा फलंदाज, यष्टींजवळ उभा असलेला यष्टिरक्षक आणि फलंदाजासमोर जवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक यांना हेल्मेट सक्तीचे केले. सोलकरांची जागा आता कायद्याच्या छत्राखाली आली, याला जवळजवळ अर्धे शतक लागले. मात्र सक्ती करणाऱ्याने दर्जाची जबाबदारी घेतली पाहिजे आणि ते कवच पुरविलेही पाहिजे. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये २०१९ साली अँटोनिओ ब्राउन या खेळाडूने आपले जुने, सवयीचे हेल्मेट वापरू द्यावे म्हणून रीतसर तक्रार केली. ते हेल्मेट प्रमाणित राहिले नव्हते, म्हणून त्याला दाद मिळाली नाही. निकाल मला योग्य वाटतो. परंतु त्याचे म्हणणे ऐकणारा तिऱ्हाईत निवाडा करणारा तिथे होता, हे मला निकालाहून अधिक महत्त्वाचे वाटते.

कवचाविषयी मी सक्तीचा पुरस्कार केला. उपचाराविषयी मात्र माझे मत याच्या अगदी उलट आहे, आणि तरीही दोन्हींचे मूळ एकच आहे, हे आता सांगतो. कवचाचा नियम सर्वांना सारखा असतो आणि तो अपघातापूर्वी लागू होतो. उपचार एका विशिष्ट देहावर होतो आणि त्याचे बरेवाईट परिणाम तो एकच देह जन्मभर भोगतो. २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका स्त्रीरुग्णाच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी पुरत नाही आणि सज्ञान रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेला होकारही चालत नाही. जी गोष्ट आईला करता येत नाही, ती संघाच्या व्यवस्थापकाला कशी करता येईल? वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यास त्याचे कागदपत्र बहात्तर तासांत त्याला द्यावे लागतात. खेळाडू हा रुग्ण झाला की त्याला हे सारे हक्क आपोआप लाभतात. केवळ तो करारबद्ध आहे म्हणून ते कमी होत नाहीत.

आपल्या चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. रोग्याला तिथे चिकित्सेचा एक पाय मानले आहे आणि त्याचे गुणही दिले आहेत. त्यात वैद्याच्या सूचनेप्रमाणे वागणे आहे, निर्भयता आहे, आणि ज्ञापकत्वही आहे. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते ते नेमके सांगता येणे. खेळाडूंच्या बाबतीत आपण पहिल्या दोन गुणांचा आग्रह धरतो आणि तिसऱ्याची मुस्कटदाबी करतो. दुखते असे सांगितले तर संघातून वगळतील, या भीतीने जो बोलत नाही, त्याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्याचा एक पाय आधीच मोडलेला असतो. त्यातच संघाच्या वैद्याला पगार संघाकडून मिळतो. तो कितीही सज्जन असला तरी रविवारच्या सामन्याची त्याच्या मालकाला घाई असते आणि रुग्णाचा गुडघा चाळिशीनंतरही चालला पाहिजे. या दोन निष्ठांच्या कात्रीत त्याला एकट्याला ठेवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

परदेशातील एक प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. जॅक आयकेल हा अमेरिकी आइस हॉकीपटू. २०२१ साली त्याच्या मानेच्या मणक्यांमधील चकती सरकली. त्याला ती काढून तिथे कृत्रिम चकती बसवून घ्यायची होती. बफेलो सेबर्स या त्याच्या संघाच्या वैद्यांना ती शस्त्रक्रिया मान्य नव्हती, कारण त्या लीगमधील कोणत्याही खेळाडूवर ती पूर्वी झालेली नव्हती. त्या खेळातील सामुदायिक करारानुसार शेवटचा शब्द संघाचा होता. महिनोन्‌महिने तो तसाच अडकून राहिला. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याला व्हेगासच्या संघाकडे देण्यात आले, त्या संघाने परवानगी दिली, शस्त्रक्रिया झाली आणि २०२३ साली त्याच संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. तो जिंकला म्हणून त्याचे म्हणणे बरोबर होते, असा तर्क मी करणार नाही. शस्त्रक्रिया फसली असती तरी मान त्याचीच होती. याउलट अमेरिकी फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या संघटनेने करारातच दुसऱ्या वैद्याचे मत घेण्याचा आणि शल्यविशारद निवडण्याचा हक्क मिळविला आहे. म्हणजे एकाच देशात, दोन खेळांत, दोन निरनिराळी उत्तरे आहेत. फरक पडला तो कराराच्या मेजावर खेळाडूंनी काय मागून घेतले याने.

आपल्या देशातही एका धावपटूने हा प्रश्न धसास लावला. ओडिशाच्या द्युती चंद हिला २०१४ साली शरीरातील नैसर्गिक संप्रेरकांचे प्रमाण जास्त असल्याच्या कारणावरून स्पर्धेतून वगळण्यात आले. उपचार घेऊन ते प्रमाण कमी करणे हा परत येण्याचा मार्ग होता. आपण आजारी नाही, मग औषध कशासाठी, ही तिची भूमिका होती. तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. पुढे नियमांची रूपे बदलत गेली आणि त्यावरील वाद अजून संपलेला नाही. परंतु खेळायचे असेल तर शरीरावर हा उपचार करून घे, असे सांगणाऱ्या जागतिक संस्थेला गोपालपूरसारख्या लहान गावातील विणकराच्या मुलीने जाब विचारला, ही घटना सामान्य नव्हे.

आता एक कठीण आक्षेप विचारात घेतला पाहिजे. खेळाडूलाच सर्व अधिकार दिले तर तो स्वतःच स्वतःला इजा करून घेणार नाही का? २००२ च्या मे महिन्यात अँटिग्वा कसोटीत कर्नाटकाचे अनिल कुंबळे यांचा जबडा फलंदाजी करताना मोडला. डोक्याभोवती पट्ट्या बांधून ते मैदानात उतरले, सलग चौदा षटके टाकली आणि ब्रायन लारा यांना बाद केले. मग ते शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतले. ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांच्या अंगावर आजही रोमांच उभे राहतात, माझ्याही राहतात. कुंबळे तेव्हा अनुभवी, विचारी आणि स्वतःच्या मनाचे मालक होते. तो निर्णय त्यांचा होता आणि म्हणून तो आदरास पात्र आहे. पण मेंदूला बसलेल्या धक्क्याची गोष्ट वेगळी आहे. जबडा मोडलेला माणूस विचार करू शकतो. मेंदूला हादरा बसलेल्याचे विचार करण्याचे साधनच जखमी झालेले असते. मी ठीक आहे, हे त्याचे वाक्य पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. म्हणूनच ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. थांबल्याने संघ दहा जणांवर येत नाही, म्हणून थांबण्यात अपराधीपणा उरत नाही.

यातून माझा निष्कर्ष मी तीन वाक्यांत मांडतो. थांबविण्याचा अधिकार वैद्याचा असावा. उपचार निवडण्याचा अधिकार खेळाडूचा असावा. संरक्षण पुरविण्याचे कर्तव्य खेळ भरविणाऱ्या संस्थेचे असावे. या तिन्हींची अदलाबदल झाली की अनर्थ होतो: संस्था उपचार ठरवू लागते, कवच आणण्याची जबाबदारी खेळाडूवर पडते आणि थांबायचे की नाही हे कर्णधाराच्या किंवा मालकाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरते. संघ खेळाडूचे कौशल्य ठरावीक काळासाठी विकत घेतो. ज्या देहात ते कौशल्य राहते तो देह विकला गेलेला नसतो.

आपल्याकडे काय स्थिती आहे? भारतीय क्रिकेटपटूंची संघटना २०१९ साली स्थापन झाली, पण ती निवृत्त खेळाडूंसाठी आहे. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने करार करणारी संघटना क्रिकेटसारख्या श्रीमंत खेळातही नाही. किंग्स्टनला जखमी झालेले अंशुमन गायकवाड २०२४ साली रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते, तेव्हा त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना मदतीसाठी जाहीर आवाहन करावे लागले. त्यानंतर नियामक मंडळाने एक कोटी रुपये दिले. ३१ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. मदत मिळाली हे चांगलेच झाले. परंतु चाळीस कसोटी सामने देशासाठी खेळलेल्या माणसाचा उपचार आवाहनावर अवलंबून असावा काय? ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत झाला. त्यात राष्ट्रीय क्रीडा संस्थांत खेळाडूंची समिती असावी आणि वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरण असावे, अशी तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. त्या समितीत बसणाऱ्यांनी प्रवासभत्त्याइतकाच वैद्यकीय कागदपत्रांचा आणि दुसऱ्या मताचा प्रश्नही लावून धरावा, अशी माझी अपेक्षा आहे.

आणि क्रिकेट म्हणजे सगळा खेळ नव्हे. आपल्या भागात जत्रेच्या फडात इनामाची कुस्ती लढणारा पहिलवानही व्यावसायिक खेळाडूच आहे, फक्त त्याच्याजवळ कराराचा कागद नसतो. त्याची जोड वस्ताद ठरवितात, त्याचा खुराक वस्ताद ठरवितात, आणि खांदा निखळला तर कोणत्या हाडवैद्याकडे जायचे तेही पुष्कळदा तेच ठरवितात. वस्तादांविषयी मला नितांत आदर आहे. पुष्कळांनी पोटच्या मुलासारखी पोरे वाढविली. तरीही मायेच्या माणसाने घेतलेला निर्णय हा दुसऱ्याच्या देहावरचा निर्णयच असतो. फडाशेजारी एक डॉक्टर बसविणे आणि पहिलवानाला क्ष-किरण तपासणीचा खर्च देणे, हे इनामाच्या रकमेतून सहज साधण्यासारखे आहे. जत्रा कमिटीने तेवढे केले तरी थोर काम होईल.

शेवटी विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याविषयी. डिसेंबर १९८९ मध्ये सियालकोटला सचिन तेंडुलकर नावाच्या मुलाच्या नाकावर वकार युनूस यांचा चेंडू बसला. रक्त वाहू लागले, तरी तो खेळत राहिला आणि त्याने सत्तावन्न धावा केल्या. ही गोष्ट तुम्हांला प्रत्येकाला पाठ आहे. पण त्या दिवशी त्याचे वय सोळा वर्षांचे होते, म्हणजे या सभागृहात बसलेल्या दहावीच्या मुलांएवढे, हे ध्यानात घ्या. सोळा वर्षांच्या मुलाने खेळेन म्हणणे हे त्याच्या वयाला शोभून दिसते. त्याच्या नाकाकडे आणि डोक्याकडे नीट पाहून मगच होकार किंवा नकार देणे हे मात्र मोठ्या माणसांचे काम आहे. कायदाही अज्ञान मुलाच्या संमतीवर विसंबत नाही.

म्हणून विद्यालयाच्या संचालकांपुढे मी काही साध्या सूचना ठेवतो. चामड्याच्या चेंडूने खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला शाळेच्या खर्चाने चांगले हेल्मेट मिळावे आणि ते घातल्याशिवाय कोणी फलंदाजीस उतरू नये. कबड्डी आणि खोखोचे मैदान रोज खडे वेचून, पाणी मारून तयार व्हावे. त्या खेळांत मैदान हेच कवच असते. ज्याच्या डोक्याला मार लागला तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, असा नियम फलकावर लिहावा, म्हणजे शिक्षकाला वाद घालावा लागणार नाही आणि मुलाला लाजावे लागणार नाही. दुखापतींची एक वही ठेवावी आणि त्याच संध्याकाळी पालकांना कळवावे. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढीच समजूत, की मुलगा जिंकून आला की हरून आला याच्या आधी तो धड आला की नाही हे विचारायचे असते.

आणि तुम्ही विद्यार्थ्यांनी एक वाक्य शिकून ठेवावे. भाषेच्या शिक्षकाने एवढे तरी मागावे, नाही का? ते वाक्य असे: गुरुजी, मला दुखते आहे. हे वाक्य मोठ्याने, स्पष्टपणे आणि वेळेवर उच्चारता येणे हेच चरकाने सांगितलेले ज्ञापकत्व. जो संघ हे वाक्य ऐकून हसतो, त्या संघात काहीतरी बिघडलेले आहे असे समजा.